गीझर लावला की आरसीसीबी पडते, पण गीझर निर्दोष निघाला: दोष शोधायचा कुठे?

वाडेकरी (धागाकर्ता)

आमचे घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आहे. पुढचा भाग आजोबांच्या काळचा, मातीच्या भिंतींचा आणि लाकडी माडीचा. मागचे स्वयंपाकघर व न्हाणीघर नंतर विटा-सिमेंटमध्ये वाढवलेले. त्यामुळे वायरिंगही तीन काळांतले आहे. माडीवर सागवानी पट्टीवरची जुनी वायर, मधल्या खोल्यांत केसिंग-कॅपिंग आणि मागे भिंतीत पुरलेला पाइप. चार वर्षांपूर्वी मीटरजवळचे चिनी मातीचे फ्यूज काढून तेथे डीबी (घरातल्या सर्किटना वीज वाटणारी पेटी) बसवली. तिच्यात एक ४० अँपिअरची, ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि सहा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपापले सर्किट तोडणारे स्विच) आहेत.

उन्हाळ्यात काही त्रास नसतो. आर्द्राचा पाऊस लागला आणि भिंतींना ओल आली, की मात्र सकाळी न्हाणीघरातला २००० वॅटचा गीझर लावताच आरसीसीबी पडते आणि सगळे घर अंधारात जाते. गेल्या दोन पावसाळ्यांत गीझरची कॉइल दोनदा बदलली. या वर्षी गीझर उतरवून दुकानात तपासून घेतला, तर तो निर्दोष निघाला. शेजाऱ्यांचा गीझर आणून लावला, तरी तेच झाले.

मीही माझ्या परीने शोध घेतला. सर्व प्लग काढले, इतर पाचही एमसीबी खाली पाडल्या आणि फक्त गीझरची एमसीबी वर ठेवली. तरीही आरसीसीबी पडली. यावरून दोष गीझरच्या वायरीतच आहे असे मी धरले होते. पण ती वायर मागच्या वर्षीच नवी, ४ चौरस मिलिमीटरची ओढलेली आहे. इस्त्री लावल्यावर आरसीसीबी कधी पडते, कधी पडत नाही. आणि एकदा तर रात्री आठच्या सुमारास घरात दोन दिव्यांखेरीज काहीही चालू नसताना ती पडली.

परवा आलेल्या वायरमनने आरसीसीबी काढून वायर थेट जोडून देतो, मग कटकट राहणार नाही, असे सुचवले. मी त्यांना थांबवले. त्या न्हाणीघरात माझी ७८ वर्षांची आई आणि दोन लहान मुले रोज ओल्या अंगाने वावरतात. पाडणारे यंत्र काढून टाकण्याऐवजी ते का पडते हे मला समजून घ्यायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

सातवी गल्ली

आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये असाच प्रकार झाला होता आणि दोष पाण्याच्या मोटरीत सापडला होता. तुमच्याकडे जमिनीखालच्या टाकीत मोटर आहे का? असल्यास तिचा प्लग काढून पाहावा. शिवाय आरसीसीबी स्वतःच बिघडलेली असू शकते. ती फार महाग नसते, एकदा बदलून पाहायला हरकत नाही.

वाडेकरी

मोटरीचा प्लग काढूनच चाचणी केली होती. आरसीसीबीही मागच्या वर्षी बदलली आहे. नवीही तशीच पडते.

उद्यमनगरवाला

घरात इन्व्हर्टर आहे का, हे आपण लिहिलेले नाही. आमच्या कारखान्याच्या ऑफिसमध्ये आरसीसीबी बसवल्यावर पहिल्याच दिवशी पडू लागली होती. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने दिव्यांची फेज (प्रवाह आणणारी वायर) तेवढी इन्व्हर्टरवर घेतली होती आणि न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) डीबीतल्या जुन्याच पट्टीवर ठेवली होती. त्यामुळे काही प्रवाह आरसीसीबीतून जाई, पण दुसऱ्या वाटेने परते. यंत्राला ती गळती वाटे. इन्व्हर्टरची फेज आणि न्यूट्रल दोन्ही स्वतंत्र केल्यावर त्रास थांबला.

वाडेकरी

इन्व्हर्टर आहे. आपण लिहिल्यावर काल तंत्रज्ञाला बोलावून तो दोन्ही बाजूंनी पूर्ण सोडवून ठेवला. आज सकाळी गीझर लावला आणि आरसीसीबी पुन्हा पडली.

आयटीआयचा मास्तर

मी वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झालो आहे. वाडेकरी, आपण दिलेली माहिती इतकी नेमकी आहे, की दोषाचा प्रकार तिच्यातूनच कळतो. गीझर निर्दोष, गीझरची वायर निर्दोष आणि आरसीसीबीही निर्दोष आहे, असे माझे मत आहे. दोष भलत्याच सर्किटच्या न्यूट्रलमध्ये आहे.

आरसीसीबी एकच गोष्ट पाहते: फेजमधून जितका प्रवाह गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही. फरक ३० मिलिअँपिअर झाला की ती पडलीच पाहिजे. प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कोठेही पडू शकते. प्रवाह कोठल्या वायरीतून निसटला याच्याशी तिला कर्तव्य नसते. फेज ओल्या भिंतीला लागली तर प्रवाह जमिनीत जातो, हे सर्वांच्या लक्षात येते. पण न्यूट्रल अर्थला, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या संरक्षक तारेला, लागली तरीही परतणाऱ्या प्रवाहाचा काही वाटा आरसीसीबीला वळसा घालून अर्थमधून निघून जातो, हे अनेक वायरमनसुद्धा विसरतात.

आता एमसीबी खाली पाडूनही दोष का राहिला ते पाहा. घरांत बसवतात त्या साध्या एमसीबी एकपोली असतात, म्हणजे त्या केवळ फेज तोडतात. सहाही सर्किटच्या न्यूट्रल डीबीतल्या एका पितळी पट्टीवर एकत्र जोडलेल्या असतात आणि एमसीबी पाडली तरी त्या तेथेच राहतात. आपण पाच सर्किट बंद केली असे आपल्याला वाटले, तरी त्यांच्या पाचही न्यूट्रल गीझरच्या न्यूट्रलला जोडलेल्याच होत्या. ही चाचणी फेजचा दोष पकडते, न्यूट्रलचा पकडत नाही. यात आपली चूक नाही. बहुतेक ठिकाणी हीच चाचणी सांगितली जाते आणि येथेच माणूस फसतो.

मग गीझरच का? न्यूट्रलचा व्होल्टेज शून्य असतो असे आपण म्हणतो. ते भाराशिवायच्या स्थितीत ढोबळमानाने खरे आहे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. खांबापासून घरापर्यंतच्या न्यूट्रलचा रोध पाव ओहम जरी धरला, तरी तेवढ्या प्रवाहाने न्यूट्रल जमिनीपेक्षा सुमारे २ व्होल्टने वर उचलली जाते. हे २ व्होल्ट अंगाला जाणवणारसुद्धा नाहीत. पण माडीवर कोठे तरी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ओलीमुळे ४० ओहमची वाट तयार झाली असेल, तर तिच्यातून ५० मिलिअँपिअर जातात आणि आरसीसीबी पडते. १००० वॅटची इस्त्री त्याच्या निम्मा, म्हणजे २५ मिलिअँपिअरच्या आसपास फरक निर्माण करते. म्हणून ती कधी पाडते, कधी पाडत नाही. रात्री आठला घरात फारसे काही चालू नसताना ती पडली, कारण त्या वेळी गल्लीतल्या सगळ्या घरांचा भार सामाईक न्यूट्रलवर असतो आणि ती आपल्या भाराशिवायही थोडी उचललेली असते. उन्हाळ्यात भिंत वाळते, वाट बंद होते आणि त्रास थांबतो. आपल्या तक्रारीतला प्रत्येक तपशील या एका कारणात बसतो.

शोधण्याची रीत अशी. मेन स्विच बंद करून, पुरवठा खरोखर गेला आहे याची खात्री करून, न्यूट्रलच्या पट्टीवरून सहाही न्यूट्रल सोडवाव्यात आणि कोणती कोणत्या सर्किटची आहे याची चिठ्ठी प्रत्येकीला लावावी. सर्व प्लग काढलेले असावेत आणि दिव्यांचे व पंख्यांचे स्विच बंद असावेत. मग प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) मोजावे. निरोगी सर्किट एक मेगओहमच्या वर दाखवते. दोषी सर्किटवर सुई शून्याजवळ राहते. काम तासाभराचे आहे, पण ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. वायरमनला बोलावताना “मेगर घेऊन या” असे आधीच सांगावे. ज्याच्याकडे मेगर नाही, तो पुन्हा कॉइल बदलायलाच सांगेल.

सातवी गल्ली

सर, आपले स्पष्टीकरण तीनदा वाचले आणि पहिल्यांदाच हे नीट समजले. मात्र एक शंका आहे. स्क्रू सोडवायचे आणि मोजायचे एवढेच काम असेल, तर मेन स्विच बंद करून घरमालकाने ते स्वतः का करू नये? मी घरातली सगळी जोडणी स्वतःच करतो.

आयटीआयचा मास्तर

आपली आवड चांगली आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. पण तीन गोष्टी ध्यानात घ्या.

मेन स्विच खाली असला तरी त्याच्या वरच्या बाजूला मीटरकडून येणारी फेज जिवंतच असते आणि ती डीबीत हातभर अंतरावर असते. दुसरे, घरात इन्व्हर्टर असेल तर पुरवठा गेला असे समजून तो स्वतःहून चालू होतो आणि मेन बंद केल्यानंतर काही सर्किट त्याच्यावर जिवंत राहतात. माझ्या माहितीतला एक मुलगा मेन पाडून पंख्याच्या वायरीला हात लावायला गेला आणि असाच शिडीवरून खाली पडला. सुदैवाने मनगटावर निभावले. म्हणून हात लावण्यापूर्वी टेस्टर आधी चालू ठिकाणी लावून पाहावा, मग कामाच्या ठिकाणी आणि मग पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही हे अशानेच कळते.

तिसरी गोष्ट कायद्याची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलणे, तेही वायरिंगची क्षमता वा स्वरूप न बदलता, एवढी मोकळीक घरमालकाला आहे. त्यापलीकडची भर, बदल आणि दुरुस्ती परवानाधारकाकडूनच व्हावी लागते. ही रेघ मला योग्य वाटते. बंद होल्डर बदलणे आणि डीबीतल्या सहा न्यूट्रल सोडवणे यांत कौशल्याचा फरक थोडा असेल, परंतु चुकीच्या परिणामाचा फरक फार मोठा आहे. एक न्यूट्रल सैल राहिली तर तिचा जोड तापतो. १३ अँपिअर प्रवाह आणि जोडाचा रोध दशांश ओहम, एवढ्यावर त्या एका स्क्रूखाली १७ वॅट उष्णता सतत निर्माण होते, आणि वाडेकरींच्या माडीवर तर लाकूड आहे.

घरमालकाचे खरे काम वाडेकरींनी केले तेच आहे: केव्हा पडते, काय लावल्यावर पडते, कोणत्या ऋतूत पडते, हे लिहून ठेवणे.

उद्यमनगरवाला

जोड तापण्याबद्दल सरांनी लिहिले ते शंभर टक्के खरे आहे. त्यात एवढेच जोडतो, की एमसीबी वारंवार पडते म्हणून १६ च्या जागी ३२ अँपिअरची बसवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. एमसीबी वायरीच्या जाडीवरून ठरते, आपल्या गरजेवरून नव्हे. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ ची एमसीबी बसवली, तर आधी वायर जळेल, एमसीबी पडणार नाही.

दुधाळीकर

सर, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण ओलीचाच आहे. आमच्याकडे २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वर्षी पुराचे पाणी तळमजल्यावर आले होते. प्लगांचे बोर्ड पाण्यात बुडाले. दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर बोर्ड पंख्याखाली वाळवून तेच पुन्हा वापरले. आता आमच्याकडेही पावसाळ्यात आरसीसीबी अधूनमधून पडते. त्या बोर्डांमुळेच हे होत असेल का?

आयटीआयचा मास्तर

ताई, तशी शक्यता बरीच आहे. पुराचे पाणी वाळते, पण त्याबरोबर आलेला बारीक गाळ स्विचच्या आणि सॉकेटच्या आत राहतो. तो गाळ कोरडा असताना निरुपद्रवी असतो आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा प्रवाह वाहून नेऊ लागतो. बुडालेले स्विच, सॉकेट आणि एमसीबी धुऊन-वाळवून वापरू नयेत, ते बदलावेतच. पाइपमधली तांब्याची वायर चांगली असेल तर ती एका टोकाने ओढून काढून, पाइप पुसून, मेगर लावून पुन्हा घालता येते. मात्र ज्या वायरीला मध्येच जोड आहे ती काढून टाकावी.

नव्याने करताना तळमजल्याच्या प्लगांचे सर्किट वेगळे ठेवा आणि बोर्ड मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. डीबी शक्यतो जिन्याच्या मधल्या टप्प्यावर असावी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आपल्या भागात कोणत्या पातळीला पाणी येते हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असेल. त्याच्या आधीच, पाय कोरडे असताना, मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत. पाणी घरात शिरल्यावर मेनपर्यंत चालत जाऊ नये. अशा वेळी वीज-तक्रारीच्या १९१२ क्रमांकावर कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा.

दुधाळीकर

मनापासून आभार. बोर्ड बदलून घेते. आणखी एक विचारते: आमच्या जुन्या खोल्यांत अर्थची वायरच नाही. मग आरसीसीबीचा उपयोग होतो का?

आयटीआयचा मास्तर

होतो, पण अपुरा. अर्थ असेल तर बिघडलेल्या उपकरणाच्या पत्र्यातून गळती सुरू होताच आरसीसीबी पडते, कोणी हात लावण्याची वाट पाहत नाही. अर्थ नसेल तर ती गळती एखाद्या माणसाच्या शरीरातून जमिनीत जाऊ लागेल तेव्हाच ती पडेल. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. आरसीसीबी तो अगदी थोड्या क्षणांत तोडते आणि बहुधा जीव वाचतो, पण झटका बसतोच. म्हणून अर्थ ओढून घ्या. आणि कोणी सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थची टाचणी जोडून “झाले अर्थिंग” असे म्हटले, तर त्याला ते काढायला लावा. न्यूट्रल कोठे तुटली तर उपकरणाचे सगळे अंग जिवंत होते.

सातवी गल्ली

न्यूट्रल तुटल्याचे घरात ओळखायचे कसे?

आयटीआयचा मास्तर

फक्त आपल्या घराची तुटली असेल, तर सगळे बंद पडते आणि तरीही टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागतो. कारण फेज एखाद्या चालू उपकरणातून न्यूट्रलच्या वायरीत उतरते. खांबावरची सामाईक न्यूट्रल सैल झाली, तर प्रकार वेगळा आणि अधिक धोक्याचा असतो. काही घरांतले दिवे अचानक प्रखर होतात, काहींतले मंद. एखाद्या घराला ४०० व्होल्टच्या जवळपास व्होल्टेज मिळू शकतो. दिवे विनाकारण प्रखर झाले, की विचार करत न बसता मेन पाडावा आणि १९१२ ला कळवावे.

वाडेकरी

आज मेगर घेऊन परवानाधारक वायरमन आले होते, त्याचा वृत्तांत देतो. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून त्यांनी सहाही न्यूट्रल सोडवल्या आणि मोजल्या. चार सर्किट ठीक निघाली. माडीच्या दिव्यांचे सर्किट सव्वा मेगओहमवर होते. सज्जातल्या दिव्याच्या सर्किटवर सुई हललीसुद्धा नाही. तीच जोडणी साध्या मल्टिमीटरने मोजली तेव्हा ५० ओहमच्या आत आली. सर, आपण ४० लिहिले होते.

सज्जा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि पाऊस तिकडूनच झोडपतो. तेथे लोखंडी बॉक्समध्ये एक स्विच आणि बाहेर एक होल्डर आहे. पत्र्याच्या फटीतले पाणी वायरीवरून ओघळत थेट बॉक्समध्ये उतरत होते. पट्टीवरून आलेली उघडी अर्थची तार बॉक्सला जोडलेली आहे, आणि बॉक्सच्या कडेवर घासून काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरीचे वेष्टन फाटले होते. दिवा तर वर्षभर कोणी लावलेलाच नाही. त्या न वापरलेल्या दिव्यापायी आम्ही दोन कॉइली बदलल्या आणि आरसीसीबी काढून टाकायला निघालो होतो.

सज्जाची न्यूट्रल सोडलेलीच ठेवून बाकीच्या पाच जोडल्या आणि गीझर, इस्त्री, मिक्सर असे सगळे एकदम लावले. आरसीसीबी पडली नाही. दीड चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढून बॉक्स खोलीच्या आतल्या बाजूला घेतला आहे. होल्डर पावसाळी झाकणाचा लावला असून, त्याच्या आधी वायरीला खाली झोल दिला आहे, म्हणजे पाणी झोलावरूनच गळून पडेल. सहाही न्यूट्रलना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून त्यांची यादी डीबीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

आयटीआयचा मास्तर

उत्तम काम झाले. माडीचे सव्वा मेगओहम आज चालेल, पण जुन्या पट्टीवरच्या वायरीचे ते मूल्य दर पावसाळ्यात खाली येत जाईल. दिवाळीनंतर भिंती वाळल्यावर एकदा मोजा आणि दोन्ही आकडे त्याच यादीवर तारखेसह लिहा. तेव्हाही ते फारसे वर गेले नसेल, तर पुढच्या मृगाच्या आत माडीची वायर बदलून घ्या. तोवर आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही ते पाहत जा.

वाडेकरी

बटण आत्ताच दाबून पाहिले. पडली. माडीसाठी दिवाळीनंतरची वेळ वायरमनकडे ठरवून ठेवली आहे.